कमरेच्या फिल्मवरची धमनीही वाचा! आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

जळगाव जिल्ह्यात एक्स-रे टेक्निशियन म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो. रावेर-यावलकडचा केळीचे घड वाहणारा मजूर असो की पारोळ्याकडची कापूस वेचणारी बाई, कंबर धरली की एक्स-रे निघतोच. उन्हाळ्यात मूतखड्याच्या फिल्मांची भर. डॉक्टर मणका बघतात, खडा बघतात आणि फिल्म पेशंटच्या पिशवीत जाते. मणक्याच्या पुढ्यात काय दिसतंय, तिकडे बहुतेक वेळा कोणाचं लक्षच जात नाही.

बाजूने काढलेल्या फिल्मवर कमरेच्या पहिल्या चार मणक्यांसमोर पोटातली महाधमनी, म्हणजे हृदयाकडून खाली येणारी मुख्य रक्तवाहिनी, असते. एरवी ती एक्स-रेवर वेगळी ओळखू येत नाही. तिच्या भिंतीत कॅल्शियम साचलं की पांढऱ्या, तुटक रेघा उमटतात. एक पुढच्या भिंतीची, एक मागच्या. त्या रेल्वेरुळांसारख्या समांतर असतील तर धमनी कडक झाली आहे. अशा माणसाला हृदयविकाराचा, पक्षाघाताचा धोका जास्त. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल लगेच तपासायला हवं. पण रेघा मध्येच एकमेकींपासून लांब जाऊन फुगल्या असतील, तर तो धमनीचा फुगा असू शकतो. महाधमनी ३ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद झाली की तिला फुगा म्हणतात. तो फुटला तर बहुतेक रुग्ण दगावतात. एक्स-रेवर आकार थोडा मोठा दिसतो, म्हणून खरं माप सोनोग्राफीवरच घ्यायचं.

फसवणाऱ्या खुणाही असतात. समोरून काढलेल्या फिल्मवर डावीकडे वर नागमोडी रेघ दिसली तर ती प्लीहेची धमनी, म्हातारपणी बहुधा निरुपद्रवी. ओटीपोटातला गोल ठिपका, मधोमध काळसर, हा शिरेत साचलेला कॅल्शियम. त्यालाच मूतखडा समजून औषधं सुरू होतात. हे शिकवता येतं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावी चाललेल्या हृदयविकाराच्या अभ्यासातल्या फिल्मांवरून १९९७ साली यासाठी २४ गुणांची मोजपट्टीही तयार झाली. चार मणके, पुढची-मागची भिंत, प्रत्येकी ० ते ३ गुण.

साहेब, धडगाव-अक्कलकुव्यासारख्या भागात फिल्म निघते, पण ती वाचायला रेडिओलॉजिस्ट कुठून आणायचा? जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. ती वैद्यकीय शिक्षण खात्याकडे, ग्रामीण रुग्णालयं आपल्याकडे. दोन खात्यांनी मिळून एक आदेश काढला तर डिजिटल फिल्म तिथे जाऊन रिपोर्ट परत येऊ शकतो. पन्नाशीपुढच्या प्रत्येकाच्या कमरेच्या रिपोर्टमध्ये धमनीबद्दल एक ओळ सक्तीची करा. कॅल्शियम दिसलं नाही म्हणजे फुगा नाही, असंही नसतं. ब्रिटनमध्ये ६५ व्या वर्षी पुरुषांना बोलावून सरकारी खर्चाने महाधमनीची सोनोग्राफी करतात. आपल्याकडे निदान साठी ओलांडलेल्या विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी तरी ती सुरू करा. सुरुवात खान्देशातून व्हावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त एक्स-रे टेक्निशियन, अमळनेर