बाळाच्या रिपोर्टबद्दल, आई-बाबांना

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

दादा-वहिनीच्या बाळाचा गुणसूत्रांचा रिपोर्ट पाहिला. ‘४७, एक्सएक्स, +२१’ म्हणजे ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रं, आणि जादाचं आहे ते २१वं. डाउन सिंड्रोम.

आई, हे कुणाच्या घराण्यातून आलं असं तू विचारलंस, ग्रहणात वहिनीनं भाजी चिरली होती हेही म्हणालीस. दोन्हींचा काही संबंध नाही. बाईची बीजं ती स्वतः आपल्या आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि विभाजन अर्धवट सोडून थांबतात. ते पुढे सरकतं कित्येक वर्षांनी, बीज बाहेर पडायच्या वेळी. तोवर गुणसूत्रांना धरून ठेवणारी प्रथिनं झिजलेली असतात, वाटणी चुकते आणि एकाच बीजात २१व्याच्या दोन प्रती जातात. वय वाढतं तशी ही शक्यता वाढते: पंचविशीत साधारण १२५० बाळांत एक, चाळिशीत १०० मध्ये एक. कधी कधी चूक शुक्राणूतलीही असते. म्हणजे गर्भ राहायच्या आधीच हे घडून गेलेलं असतं. वहिनीपुढे हा विषय पुन्हा काढू नकोस, एवढं माझं ऐक.

रिपोर्टवर ४६ आकडा असता आणि जादाचं २१वं दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला, बहुतेकदा १४व्याला, चिकटलेलं दिसलं असतं, तर ते त्यांच्यापैकी कुणाकडून आलंय का हे पाहायला दादा-वहिनी दोघांचं रक्त तपासावं लागलं असतं. इथे ती गरज नाही. पुढच्या खेपेला पुन्हा असं होण्याची शक्यता साधारण १ टक्का किंवा वहिनीच्या तेव्हाच्या वयानुसार थोडी जास्त. १० आठवड्यांनंतर आईच्या रक्तातून एनआयपीटी ही गर्भाच्या गुणसूत्रांची तपासणी करता येते, पण ती चाळणी आहे, म्हणजे फक्त शक्यता सांगते. खात्री गर्भजल तपासणीने होते, १५ आठवड्यांनंतर.

बाबा, आता कामाचं. सर्वांत आधी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. बाळ गुलाबी दिसतंय, दूध पितंय म्हणून थांबायचं नाही. अशा जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो आणि सुरुवातीला तो डॉक्टरांना स्टेथोस्कोपने ऐकू येईलच असं नाही. मोठं छिद्र असेल तर शस्त्रक्रिया बहुधा ३ ते ६ महिन्यांच्या दरम्यान करतात. उशीर झाला तर फुप्फुसांतला दाब वाढून बसतो. थायरॉइडची टीएसएच तपासणी आता, ६ महिन्यांनी, वर्षाने आणि मग दरवर्षी. ऐकण्याची बेरा चाचणी ३ महिन्यांच्या आत, डोळे ६ महिन्यांच्या आत. हिरवी उलटी झाली तर त्याच क्षणी दवाखाना गाठा, आतड्यात अडथळा असू शकतो.

दूध पिताना बाळ लवकर दमेल, झोपून जाईल. दर दोन तासांनी उठवून थोडं थोडं पाजायचं. मालिशवाल्या मावशींना नीट सांगा: तेल लावा, पण हात-पाय उलटसुलट ताणायचे नाहीत, पायाला धरून उलटं करायचं नाही, हाताला धरून उचलायचं नाही. स्नायू ढिले, सांधे सैल, मानेचे मणकेही सैल असू शकतात. उचलताना मानेखाली हात हवाच.

बसायला साधारण वर्ष, चालायला दोन वर्षं लागतील. शेजारच्या बाळाशी तुलना नको. फिजिओथेरपी लगेच सुरू करा. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ती मोफत मिळते.

बारसं ठरल्या दिवशीच करा. रिपोर्टची मूळ प्रत फाइलमध्ये ठेवा, एकोच्या वेळी सोबत न्या.

तुमची,
ताई