रविवारी सराव मुलाखती: अभ्यासिकेतल्या सर्वांसाठी सूचना

यूपीएससीच्या मुलाखतीचं बोलावणं आलेल्यांनी रविवारी सकाळी ९ वाजता अभ्यासिकेत यावं. येताना आपल्या सविस्तर अर्जाच्या तीन प्रती आणा. धोलपूर हाऊसमधले, म्हणजे यूपीएससीच्या दिल्लीतल्या कार्यालयात होणाऱ्या मुलाखतीतले, बरेच प्रश्न त्या अर्जातूनच निघतात: गाव, पदवीचा विषय, छंद. छंद म्हणून 'वाचन' लिहिलंय? मग शेवटचं पुस्तक कोणतं आणि त्यातलं काय पटलं नाही, हे सांगता आलं पाहिजे. मागच्या सरावात तिघं नेमके इथेच अडखळले. उत्तर येत नसेल तर सरळ 'माहीत नाही, सर' म्हणा. थापा लगेच पकडल्या जातात. २७५ गुण आहेत, हलक्यात घेऊ नका. मराठी माध्यम निवडलेल्यांनी पारिभाषिक शब्द मोठ्याने बोलून बघा. आणि नवे बूट आत्तापासूनच वापरायला काढा, ऐनवेळी चावतात. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथेच नाव कळवा.