प्रश्न एक किलोमीटरचा नाही, थकलेल्या पैशांचा आहे

आरटीईची (शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरीब, वंचित मुलांसाठी राखीव ठेवलेल्या २५ टक्के मोफत जागांची) सोडत जवळ आली की आमच्या गल्लीतल्या आया फॉर्म भरून घ्यायला माझ्याकडे येतात. (मी निवृत्त शिक्षिका, नकाशावर घराची खूण लावण्यात आता तरबेज झाले आहे.) ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी विनाअनुदानित शाळांना या २५ टक्के प्रवेशांतून सूट दिली, तेव्हा या आयांपुढच्या यादीत जिल्हा परिषदेच्याच शाळा उरल्या. त्या शाळांत तर अर्ज न करताही प्रवेश मिळतो! जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रद्द केली, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. उत्तम झाले.

पण मूळ दुखणे तसेच आहे. या मुलांच्या शुल्काची प्रतिपूर्ती करणे, म्हणजे ते पैसे शाळांना भरून देणे, कायद्याने शासनावर बंधनकारक आहे. ती वर्षानुवर्षे थकते, दर विद्यार्थ्यामागे ठरवलेली १७,६७० रुपयांची रक्कम करोनाकाळात ८,००० वर आली होती, आणि संस्थाचालकांची नाराजी शेवटी वर्गातल्या पोरांवर निघते. सहलीला, स्नेहसंमेलनाला ‘आरटीईवाले’ वेगळे काढले जातात, हे मी पाहिले आहे.

शासनाला जिल्हा परिषदेच्या शाळा भरायच्या असतील तर तिथली रिक्त शिक्षकपदे भरावीत. आणि प्रतिपूर्तीची जिल्हावार थकबाकी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावी.

– एक निवृत्त शिक्षिका, कराड