‘चिड़िया ऊपर चली गई, साहब’

महोदय,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत उत्तराखंडातल्या उन्हाळी पक्षीनिरीक्षणावर लेख आला होता. फोटो सुरेख होते. पण ‘मेच्या सुट्टीत कधीही जा, पाखरंच पाखरं’ या वाक्याशी अडखळलो, म्हणून हे पत्र. रेल्वेच्या आरक्षण खिडकीमागे मी 31 वर्षं बसलो. उन्हाळ्यात उत्तरेकडची तिकिटं शाळेचा निकाल कधी आणि साहेबांची रजा कधी, एवढ्यावरच ठरतात. पाखरांना कुणी विचारत नाही. निवृत्त झाल्यावर दुर्बीण गळ्यात अडकवून मीही तसाच निघालो आणि पहिल्याच फेरीत तोंडघशी पडलो.

मेचा तिसरा आठवडा होता. काठगोदामला उतरून नैनितालजवळच्या साततालच्या दिशेने गेलो, कारण सगळ्यांच्या याद्यांत सातताल पहिलं. त्या याद्या डिसेंबर-जानेवारीतल्या आहेत हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सातताल जेमतेम 1,400 मीटरवर. थंडीत वरच्या जंगलातली पाखरं तिथं उतरतात, म्हणून ती गर्दी. उन्हाळ्यात तीच पाखरं घरटी करायला पुन्हा वर जातात. त्यात चीडच्या, म्हणजे पाइनच्या, जंगलात वणवे लागलेले, दरीभर धूर, समोरचा डोंगर दिसेना. चीडच्या वाळक्या सुयांना तिकडे पिरूल म्हणतात. ते उन्हात तापलं की एक ठिणगीही पुरते. दोन दिवसांत बुलबुल आणि मैनाच जास्त पाहिल्या. शेवटी गाइड पोरगा ओशाळून म्हणाला, ‘‘चिड़िया ऊपर चली गई, साहब.’’

एवढ्या एका वाक्यात तुमच्या लेखात राहून गेलेलं सगळं आलं. हिमालयात महिना ठरवला की त्याच्या जोडीला उंचीही ठरवावी लागते. सपाटीवरची काही पाखरं ऋतू बदलला की हजारो किलोमीटर जातात. डोंगरातली बरीच पाखरं दोन हजार मीटर वर-खाली करून तेच साधतात. त्याच फेरीत आम्ही उरलेले दोन दिवस पंगोटला काढले. नैनितालहून फार लांब नाही, पण उंची जवळपास 2,000 मीटर. तिथं बांज-बुरांसाचं, म्हणजे ओक आणि ऱ्होडोडेंड्रॉनचं, जंगल नुसतं बोलत होतं. हिवाळ्यात सह्याद्रीत मुकाट किडे टिपत फिरणारा निलांग तिथं तारेवर बसून गात होता. इकडे हिवाळ्यात मी त्याला दरवर्षी पाहतो, पण तो इतका बोलका आहे हे साठीनंतर कळलं! आपल्याकडे तो पाहुणा, घर त्याचं तिथं. हिवाळ्यात आपल्याकडे येणारे काही वटवटेही तिथलेच.

तिथंच चार सुरांची एक कोकिळा ऐकली. आपल्याकडे पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो, तशी कुमाऊंत ही ‘काफल पाक्को’ म्हणते, म्हणजे काफळं पिकली. रस्त्यावर पोरं खरोखरच द्रोणातून ती लालचुटूक फळं विकत होती. दोघंही कोकिळेच्याच गोतातले आणि दोन्हीकडच्या माणसांना त्यांच्या हाकेत आपल्या पोटाचीच गोष्ट ऐकू येते.

दुसऱ्या फेरीला मी मेचा पहिला आठवडा धरला आणि गढवालात चोपत्याला गेलो, सुमारे 2,700 मीटरवर. पहाटे पावणेपाचला झुंजुमुंजू होतं. सहाला उठून चहाची वाट पाहणाऱ्यांनी घरीच राहावं. तुंगनाथ मंदिराच्या वाटेवर बर्फाचे पट्टे अजून शिल्लक होते, खालच्या बाजूला बुरांस लाल आणि वर चढत जावं तसा गुलाबी, फिकट. त्या फुलांवर लांब लाल शेपटीचा शिंजीर. आणि एका खडकावर, उन्हाची पहिली तिरीप पडताच, मोनाल. नर होता. उत्तराखंडाचा राज्यपक्षी वगैरे पुस्तकात वाचलं होतं, पण तो रंग पुस्तकात येत नाही. तांबं, निळं आणि हिरवं एकाच पाठीवर झळाळत होतं. त्याने दोन लांब शिट्या घातल्या आणि दरीत उडी टाकली. बायकोने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुपारपर्यंत वळ होते. दुपारी मात्र गारा पडल्या. मेमध्ये तिथं हे नेहमीचंच, म्हणून जे पाहायचं ते सकाळी दहाच्या आत.

ही वेळ साधायची तर यात्रेवरही नजर हवी. चोपत्याचा रस्ता उखीमठहून जातो. केदारनाथचे दरवाजे कधी उघडणार ते महाशिवरात्रीला उखीमठातच जाहीर होतं. ती तारीख कळली की मी आमची तारीख तिच्याआधीची धरतो. दरवाजे उघडल्यावरचे पहिले आठवडे ऋषिकेशपासूनच गाड्यांची रांग असते आणि रांगेत बसून पाखरं दिसत नाहीत.

जूनबद्दल थोडक्यात. 20-25 जूनच्या सुमारास उत्तराखंडात पाऊस पोचतो. मग जळवा, ढग आणि ढासळणारे रस्ते. त्याआधीच गाणं ओसरू लागलेलं असतं, कारण पिल्लांना भरवण्यात आईबापांना गायला फुरसत नसते. जूनअखेर किंवा जुलैच जमणार असेल तर सरळ लडाख गाठा, तिथवर पाऊस फारसा पोचतच नाही. हिवाळ्यात आपल्या धरणांवर दिसणारे चक्रवाक आणि पट्टकदंब तिथं पिल्लांसह दिसतात आणि त्सो कार सरोवराच्या काठी काळ्या मानेचे क्रौंच. पण उंची साडेचार हजार मीटर आहे. लेहला पोचल्यावर दोन दिवस नुसतं पडून राहायचं आणि शूरपणा करायचा नाही.

आता एक तक्रार, तुमच्या लेखकाविषयी नव्हे. पंगोटला आमच्या पुढे एक गट होता. त्यांच्या म्होरक्याने छोट्या स्पीकरवर एकाच पाखराचा आवाज पुन्हा पुन्हा लावला, फोटो मिळेपर्यंत. विणीच्या दिवसांत नराला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा घुसला. तो घरटं सोडून धावत येतो, फांदीफांदीवर शोधतो आणि तेवढा वेळ घरट्याला राखण नाही. हिवाळ्यात हा खेळ त्यामानाने कमी नडतो, उन्हाळ्यात फार. उन्हाळी सहलींची जाहिरात छापताना याविषयी दोन ओळी छापाल का? गाइडला आधीच ‘स्पीकर नको’ सांगितलं तर तो ऐकतो, असा माझा अनुभव आहे.

याच नैनिताल परिसरात 1876 मध्ये दिसलेला हिमालयीन लावा पक्षी त्यानंतर कुणी खात्रीने पाहिलेला नाही. मी झुडपांत डोकावलो की बायको विचारते, ‘‘सापडला का तुमचा लावा?’’

जाता जाता खिडकीमागच्या माणसाचा सल्ला. 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवसांवर आलं आहे. म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट मार्चच्या पहिल्या आठवड्यात काढावं लागतं, निकाल आणि रजेच्या चर्चा सुरू होण्याआधी. आमची तारीख महाशिवरात्रीनंतर ठरेल. बायकोने या वेळी स्वतःची वेगळी दुर्बीण मागितली आहे.

आपला,
एक निवृत्त आरक्षण कारकून