मूल्यांकनासाठी दिलेल्या संगिनीवरच्या खुणा बफिंग (यंत्रावर घासून पॉलिश) करून पुसून टाकल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
जुन्या वस्तूंचा मूल्यांकन विभाग, पुणे.

महोदय,

गेल्या महिन्यात मी माझ्याकडची १९०७ पॅटर्नची (१९०७ च्या नमुन्याची) ली-एनफिल्ड रायफलची संगीन तुमच्याकडे मूल्यांकनासाठी दिली होती. सोबत परवान्याची प्रतही दिली होती. शनिवारी ती कुरियरने परत आली. खोका उघडला तर आत आरशासारखे चकाकणारे लोखंड. दोन मिनिटे मला वाटले की दुसऱ्याच कोणाची वस्तू पाठवली आहे.

मी पॉलिश सांगितले नव्हते. तुमच्याच पावतीवर 'फक्त तपासणी व मूल्यांकन' असे लिहिलेले आहे. फोनवर विचारले तेव्हा तुमच्या माणसाने सांगितले, "साहेब, खूप काळी पडली होती, म्हणून बफिंगवर घेतली. त्याचे पैसे लावले नाहीत." पैसे लावले नाहीत हे मला सांगू नका. काय गेले ते सांगतो.

या संगिनीच्या मुठीचे टोक लोखंडी आहे. त्यावर तपकिरी थर होता आणि त्या थराखाली ठोकलेली अक्षरे होती. पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली की '१०३' हा आकडा स्वच्छ उठायचा. त्याच्यापुढे इंग्रजी 'एम'चे दोन उभे पाय आणि नंतर आणखी दोन-तीन पुसट खुणा. संध्याकाळचे तिरपे ऊन पडले की त्या खुणा किंचित दिसायच्या, पण वाचता यायच्या नाहीत. ती अक्षरे 'मराठा लाइट इन्फंट्री'ची असतील, तर ही संगीन १०३व्या पलटणीची, म्हणजे १७६८ साली उभ्या राहिलेल्या आणि आज 'जंगी पलटण' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पलटणीची ठरली असती. आणि नसतील, तर १०३ हा नुसता अनुक्रमांक. हाच निकाल लावून घेण्यासाठी मी साताऱ्याहून तुमच्याकडे आलो होतो. आता त्या जागी बोट फिरवले तर काहीच लागत नाही. आणि तुमच्या अहवालात लिहिले आहे, 'खुणा अवाच्य'. त्या अवाच्य कोणी केल्या?

मी कधीच म्हटले नाही की ही संगीन मेसोपोटेमियात होती. पहिल्या महायुद्धात १०३वी पलटण तिथल्या (आजच्या इराकमधल्या) कूत शहराच्या वेढ्यात होती आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथे शरणागती झाली हे खरे; पण तिथली शस्त्रे शरण जाण्याआधी मोडून टाकली होती. विकणारे अशा गोष्टी जोडून किंमत वाढवतात. मी सोलापूरच्या एका जुन्या संग्राहकाकडून रीतसर कागदांसह ही संगीन घेतली तेव्हा त्यांनीही कसलीच गोष्ट लावली नव्हती. जे लोखंडावर आहे तेवढेच खरे मानायचे, हे मी त्यांच्याकडून शिकलो. म्हणून तर लोखंडावरचे गेले याचे इतके दुःख आहे.

आता प्रमाणपत्राबद्दल. त्यात 'निर्मिती १९०७' असे छापले आहे. १९०७ हे पॅटर्नचे वर्ष आहे. पात्यावर मुकुट, त्याखाली 'ई आर', त्याखाली १९०७, आणि त्याच्या खाली महिना व वर्ष: '८ ०९'. ऑगस्ट १९०९. शेवटी बनवणाऱ्याचे नाव, 'विल्किन्सन'. 'ई आर' म्हणजे सातव्या एडवर्डची मुद्रा. तो १९१० मध्ये वारला, पुढे 'जी आर' आले. पाचव्या जॉर्जच्या काळातल्या, महायुद्धात ढिगाने तयार झालेल्या संगिनींपेक्षा ही वेगळी का, हे या दोन अक्षरांत आहे. तुमच्या तज्ज्ञाने त्यांचा उल्लेखही केलेला नाही. पात्याच्या दुसऱ्या बाजूला बाणाखाली 'आय' आहे, म्हणजे हिंदुस्थान सरकारची मालकी. त्याचाही नाही.

'मुठीच्या टोकाला भोक नाही, म्हणून नग अपूर्ण' असा शेरा आहे. ते भोक १९१६च्या सुमारास सुरू झाले, आत अडकलेली घाण निघावी म्हणून. जुन्या संगिनींना पुढे दुरुस्तीत पाडले जाई. माझ्या संगिनीला ते नाही, म्हणजे तिच्यावर तो हात फिरलेला नाही. जाणकार याचे जास्त पैसे देतो, तुम्ही कमी केलेत.

सगळ्यात धक्का तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीचा बसला: 'हूक बसवून दिल्यास मूल्य कित्येक पट वाढेल.' सुरुवातीच्या संगिनींना मुठीपुढच्या आडव्या पट्टीच्या खालच्या टोकाला पुढे वळलेला हूक असे. १९१३ मध्ये तो नव्या संगिनींवरून काढला आणि वापरातल्या बहुतेकांचे हूक शस्त्रागारातच कापले गेले. अखंड हूक असलेल्या थोड्या उरल्या, म्हणून त्यांना भाव आहे, आणि म्हणूनच वेल्डिंग केलेले खोटे हूक बाजारात फिरतात. माझ्या संगिनीच्या पट्टीवर कापल्याची, कानस मारल्याची जागा होती. तीही बफिंगने गुळगुळीत झाली आहे. ज्यांच्याकडे लोक खरे-खोटे पारखायला येतात त्यांनी लेखी असा सल्ला द्यावा, हे मला सहन होत नाही.

माझे म्हणणे असे: मूल्यांकनाचे ३,५०० रुपये परत करा, प्रमाणपत्र रद्द करून पॉलिश तुमच्याकडे झाले हे लेखी द्या आणि नुकसानभरपाईचा प्रस्ताव पाठवा. १५ दिवसांत उत्तर आले नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आणि एक गोष्ट, जी मला या सगळ्यापेक्षा जास्त हवी आहे. वस्तू घेताना तुमच्या काउंटरवरच्या मुलीने मोठ्या कॅमेऱ्याने मुठीच्या टोकाचे जवळून चार फोटो काढले होते, दिवा एका बाजूने धरून. ते पुसू नका. मूळ फाइली, जशाच्या तशा, मला पाठवा. 'एम'च्या पुढचे काय होते ते कदाचित त्यांत अजून असेल.

आपला,
एक ग्राहक, सातारा

सोबत: पावतीची प्रत, प्रमाणपत्राची प्रत, पेन्सिलने घेतलेला ठसा (मूळ प्रत माझ्याकडे आहे)