कंद टाकू नकोस

प्रिय मेधा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं आणि शेवटच्या ओळीपाशी मी अडकले. ‘या उन्हात डेलिया होणं नाही, रविवारी सगळे कंद उपटून टाकते,’ असं तू लिहिलंयस. मेधा, टाकू नकोस गं. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी थांब.

पानांच्या कडा करपल्या, कळ्या वाटाण्याएवढ्या होऊन काळ्या पडल्या, जे एकुलतं एक फूल उमललं ते बोराएवढं आणि मधला पिवळा डोळा उघडा. हे सगळं मीही पाहिलंय, सलग दोन वर्षं. यात तुझ्या हाताचा दोष नाही, चुकली ती वेळ. डेलिया मूळचा मेक्सिकोचा. मेक्सिको म्हटलं की आपल्याला तापलेलं माळरान आठवतं, पण हा राहतो तिथल्या उंच डोंगराळ मुलखात. तिथे दिवसा लख्ख ऊन असतं आणि रात्री चांगला गारवा. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो माद्रिदच्या वनस्पती उद्यानात पोचला. तिथले अभ्यासक काव्हानियेस यांनी १७९१ मध्ये स्वीडनच्या अँडर्स डाल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं. तेव्हापासून युरोपातल्या माळ्यांनी त्याला हजारो रंगरूपं दिली, पण रात्रीच्या गारव्याची त्याची ओढ काही गेली नाही. दिवसा २० ते २७ अंशांत तो खुशीत असतो. पारा ३२ च्या वर जायला लागला की रुसतो. त्यातही दिवसापेक्षा रात्र त्याला जास्त छळते. पानांनी दिवसभर कमावलेलं अन्न उकाड्याच्या रात्री झाड श्वासावाटेच खर्चून टाकतं, मग कळीच्या वाट्याला काय उरणार?

आपल्या हाती येणारी बागकामाची बहुतेक पुस्तकं बर्फाच्या देशांत लिहिलेली. वसंतात लावा, उन्हाळ्यात फुलं घ्या, गोठण्याआधी कंद काढा. उष्ण हवेत हे वेळापत्रक सरळ उलटं करायचं. उन्हाचा कडाका ओसरला की लावायचं, थंडीत फुलं घ्यायची आणि खऱ्या उन्हाळ्यात झाडाला झोपू द्यायचं. एवढं एक कळलं आणि माझी बाग बदलली.

यात एक मेख आहे, ती मला फार उशिरा कळली. दिवस १२ तासांहून लहान झाला की डेलिया वाढ आवरती घेतो आणि सगळी ताकद जमिनीखाली कंदात भरायला लागतो. म्हणजे थंडी पडेपर्यंत वाट बघत बसलीस तर वीतभर रोपाला घाईघाईने दोन फुलं येतील आणि खेळ संपेल. म्हणून दिवस अजून मोठा असताना, नुसता उन्हाचा जोर कमी झाला की लगेच लावायचं. मी तर रोप गुडघ्याइतकं होईपर्यंत संध्याकाळी दोन-तीन तास वर साधा दिवा लावून ठेवते. त्याला वाटतं, दिवस अजून मोठाच आहे.

आता कंदाविषयी. तू लिहिलंस, ‘बटाट्यासारखे तुकडे करून लावले, निम्मे उगवलेच नाहीत.’ बटाट्याला अंगभर डोळे असतात. डेलियाचा कंद म्हणजे फुगलेलं मूळ. त्याच्या अंगावर डोळा नसतो, असतो तो फक्त मानेशी, जुन्या खोडाला चिकटलेल्या भागावर. तिथे मोहरीएवढा, जरासा गुलाबी उंचवटा दिसतो. तो ज्या तुकड्याबरोबर आला तोच उगवतो. बाकीचा कितीही गुबगुबीत असला तरी मातीत नुसता पडून राहतो आणि एक दिवस सडतो. म्हणून घाईने तोडू नये. गड्डा दमट कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यावर, ठेवून द्यावा, डोळे फुगून दिसायला लागले की मग सुरी घ्यावी.

लावताना माती नुसती ओलसर हवी. कोंब वर येईपर्यंत पाणी जवळजवळ नाहीच. हे मनाला फार जड जातं, मला ठाऊक आहे, पण मुळं फुटायच्या आधी दिलेलं पाणी त्याच्या काही कामाचं नसतं, ते फक्त कंद कुजवतं. आधाराची काठी कंदासोबतच रोवून टाक, नंतर रोवायला गेलीस तर कंदातून आरपार जाते. सकाळचं ऊन भरपूर मिळू दे, दुपारी सावली, आणि बुडाशी पालापाचोळ्याचा जाड थर. पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या की शेंडा खुडायचा. कळ्या तीन-तीनच्या झुबक्याने येतात, त्यातली मधली ठेवून बाजूच्या दोन काढल्यास तर फूल तळहाताएवढं होतं. कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी जाळी करतो. सकाळी पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा मारत राहा, त्याला ओल सोसत नाही.

खरी परीक्षा साठवणीत आहे. पहिल्या वर्षी मी गड्डे स्वच्छ धुतले, पुसले, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फळीवर ठेवले. दोन महिन्यांनी पिशवी सोडली तर आंबूस वास आला आणि पहिल्याच कंदात बोट रुतलं. सतरा कंद होते, एकही वाचला नाही. त्या दिवशी मी खूप रडले होते. दुसऱ्या वर्षी टोपलीत उघडे ठेवले, तर सुकून काड्या झाल्या. आता मी ते कुंडीतून काढतच नाही. पानं पिवळी पडली की पाणी तोडते, खोड कापते आणि कुंडी आडवी करून घरातल्या सगळ्यांत गार, अंधाऱ्या कोपऱ्यात सारते. महिन्यातून एकदा मातीवर हलका शिपका, बस. डेलियाचं खोड पोकळ असतं. कापल्यावर त्या नळीत पाणी साचलं की ते थेट मानेपर्यंत उतरतं आणि नेमका डोळाच सडतो. म्हणून पेराच्या अगदी लगत वर कापते आणि टोकावर ओल्या मातीचा गोळा दाबते.

ट्यूलिपचं विचारलंस. मी तुला नकोच म्हणेन. त्याचं फूल कांद्याच्या आत आधीच तयार असतं, पण दांडा वर यायला १२ ते १६ आठवड्यांची थंडी लागते. ती मिळाली नाही तर फूल पानांतच घुसमटून राहतं. फ्रिजमध्ये ठेवता येतात, मात्र शेजारी फळं नकोत, पिकणाऱ्या फळांचा वायू आतली कळी मारतो. एवढं करून फुलणार एकदाच, पुढच्या वर्षी पुन्हा नवे कांदे.

त्यापेक्षा ज्यांना ऊब सोसते त्यांच्यावर माया कर. निशिगंध तर आहेच. रेन लिलीचे कांदे चांगले कोरडे पडू दे, मग भरपूर पाणी दे, आठवड्याभरात गुलाबी चांदण्या वर येतात. आणि ॲमरिलिस म्हणून मिळते ना, ती हिपिॲस्ट्रम. तिच्या कांद्यात साधारण चार पानं झाली की एक फुलाचा दांडा धरतो. म्हणून फुलं गेल्यावर पानं कापू नकोस, खत घालून ती वाढव. मी गेल्या वर्षी एकाच कांद्याची पानं मोजत होते. त्यावर आठ नवी पानं आली होती, यंदा त्यानेच दोन दांडे दिले. कांदा मात्र निम्मा मातीवर राहू दे, सगळा पुरलास तर कुजेल.

तर तुझी झाडं. हिरवी आहेत तोवर उपटू नकोस. खाली दोन-तीन पेरं ठेवून बाकी कापून टाक, कुंड्या सावलीत घे, ओल बेताची ठेव. गारवा आला की बुडातून फुटवे येतील. त्यातलेच बोटभर काढून वाळूत खोचलेस तर दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. माझ्या गर्द जांभळ्या डेलियाची अशी दोन रोपं तुझ्या नावाने वेगळी ठेवली आहेत.

पण आधी एक कर. उद्या उन्हं वर यायच्या आत कुंडीतली माती बोटाने जरा बाजूला सार आणि कंदाची मान दाबून बघ. घट्ट लागली तर मला लगेच कळव.

तुझीच,
शैला