आधी ब्रेक, मग इंजिन

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकी मसल कारवरचा, म्हणजे दांडग्या इंजिनाच्या गाड्यांवरचा, लेख बहिणीने कोल्हापूरहून फोटो काढून पाठवला. लेख झकास. पण पानभर हॉर्सपॉवर आणि ब्रेकला एकच ओळ, तीही अशी की मूळचे ब्रेक तसेच ठेवावेत, गाडीची किंमत टिकते. ती ओळ काही पचेना. मी डेट्रॉइटजवळ ट्रॉयला राहतो. ब्रेकचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात 27 वर्षं काढून निवृत्त झालोय, आणि गॅरेजमध्ये 1966 ची फोर्ड मस्टँग आहे. इथले जाणकार तिला मसल कार म्हणू देत नाहीत, पोनी कार, म्हणजे छोटी स्पोर्टी गाडी, म्हणा म्हणतात. म्हणोत.

लेखात ज्या 1964 च्या पॉन्टियॅक जीटीओचं एवढं कौतुक आहे, तिचं इंजिन 389 घनइंचांचं, म्हणजे जवळपास 6.4 लिटरचं, एका कार्ब्युरेटरवर 325 हॉर्सपॉवर. आणि ब्रेक? चारही चाकांना साडेनऊ इंची ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं डबडं, ज्याला आतून लायनर दाबला की गाडी थांबते. पुढच्या चाकांना डिस्क (दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायची उघडी तबकडी) हवी म्हटलं तर जादा पैसे मोजूनही ती 1967 च्या मॉडेलपर्यंत मिळत नव्हती. फोंडा घाट उतरताना पुढच्या ट्रकच्या लायनरचा जळका वास ज्यांनी घेतलाय, त्यांना ड्रम तापल्यावर काय होतं ते वेगळं सांगायला नको. तापलेला ड्रम फुगतो, लायनरपासून लांब जातो, लायनरची पकडही सुटते, आणि पेडल कितीही दाबलं तरी गाडी चालतच राहते. एकदा कचकन थांबायला ते ब्रेक पुरतात. लागोपाठ तिसऱ्यांदा नाही.

माझ्या गाडीचा दोष त्याहून साधा होता. 1966 पर्यंतच्या मस्टँगला मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणारा पंप, एकाच कप्प्याचा. चारही चाकांचं ऑइल एकाच वाटेने जातं, कुठेही गळालं की सगळंच गेलं. 1967 च्या मॉडेलपासून अमेरिकी गाड्यांना दोन कप्पे आले ते याचसाठी. हे मला पाठ होतं. तरी 2011 साली गाडी घेतली तेव्हा आधी क्रोम पुसत बसलो, सीटची कव्हरं बदलली. सप्टेंबरात एका संध्याकाळी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर, रॉयल ओकच्या अलीकडे, सिग्नल लाल झाला, पाय दाबला आणि पेडल सरळ तळाला जाऊन बसलं. मागच्या अॅक्सलकडे जाणारा एकुलता एक रबरी होज फुटला होता. या गाडीचा हँडब्रेक डॅशबोर्डखाली, मुठीने ओढायचा; मागच्या ड्रमना तो केबलने धरतो, म्हणून वाचलो. ओढला, गिअर खाली टाकला आणि पेट्रोल पंपाच्या मोकळ्या जागेत घुसलो. पुढच्या पिकअपवाल्याला काही कळलंही नसेल. मिशिगनमध्ये खासगी गाडीची दरवर्षी सुरक्षा तपासणी होत नाही, त्यामुळे तो होज किती वर्षांचा होता ते देव जाणे.

त्या हिवाळ्यात ब्रेक बदलले. पुढे चार पिस्टनच्या कॅलिपरची (डिस्क धरणाऱ्या चिमट्याची) डिस्क, मागे मूळचेच 10 इंची ड्रम, दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर, सगळे पाइप आणि होज नवे. मूळपणाचा आग्रह धरणाऱ्यांसाठी सांगतो: केल्सी-हेज कंपनीची अशीच चार पिस्टनची डिस्क फोर्ड 1965-66 मध्ये जादा पैसे घेऊन स्वतःच देत असे. शिवाय हे सगळं बोल्टवर बसतं, कुठे कापाकापी नाही. काढलेले ड्रम ग्रीस लावून तळघरात ठेवलेत. ज्याला मूळपणा हवा त्याने खुशाल परत बसवावेत.

काम एका झटक्यात झालं असं मात्र नाही. पैसे वाचवायला मी जो मास्टर सिलिंडर आणला तो चारही ड्रमच्या गाडीचा निघाला. त्यात एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो पाइपात दहाएक पीएसआय दाब कायम धरून ठेवतो. ड्रमला तो लागतो, डिस्कला घातक. पाच मैल गेलो तर पुढची चाकं हात लावू देईनात, आणि सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये ढकलली तरी गाडी जागची हलेना. ब्रेकच्या कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाची ही अक्कल! बायकोने ही गोष्ट मंडळाच्या गणपतीत सगळ्यांना सांगितली. त्यानंतर मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा नॉबचा व्हॉल्व्ह बसवला, कारण ब्रेक लागला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होऊन आधी लॉक होतात आणि गाडीची शेपटी फिरते. पावसात, रिकाम्या पार्किंगमध्ये, नॉब थोडा थोडा फिरवत तो जुळवला.

मग इंजिन. 289 घनइंचांचं व्ही-8, 30 थाऊ (हजारांश इंच) बोअरिंग, नवे पिस्टन, अॅल्युमिनियमची हेड, चार बॅरलचा कार्ब्युरेटर. वडील उद्यमनगरात लेथवर असायचे; मशीनशॉपमध्ये सिलिंडरला बोट लावून बघताना त्यांची आठवण आली. इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट मात्र मी हौसेने दांडगा घेतला. आवाज असा की शेजाऱ्याचा कुत्रा कुंपणाशी येऊन उभा राहायचा. आणि इथे ब्रेकशी गाठ पडली. पायाचा जोर वाढवणारा ब्रेकचा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर, चालतो. दांडग्या कॅमने ती ओढच घटली: पूर्वी आयडलिंगला गेज पाऱ्याचे 18 इंच दाखवायचं, आता 11. पहिल्यांदा पेडल ठीक लागायचं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की दगड. याला व्हॅक्यूम पंप लावता येतो, किंवा पॉवर स्टीअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रोबूस्ट. मी कॅमच बदलून सौम्य घेतला. वरच्या आरपीएमला ताकद गेली, पण सिग्नलवर पोटात गोळा येणं थांबलं. नवा कॅम रुळवायचा म्हणजे पुन्हा झिंकवालं ऑइल घालून 2000 आरपीएमवर वीस मिनिटं गॅरेजबाहेर गुरगुर. शेजारी अजून बोलतो, हे नशीब.

ह्यूस्टनचा भाचा सहा सिलिंडरची मस्टँग घेऊन त्यात व्ही-8 टाकायचं म्हणतोय. त्या गाडीला 9 इंची ड्रम, चाकाला चारच बोल्ट, मागचा अॅक्सलही नाजूक. त्याला मी इंजिनच्या किमती पाठवायच्या बंद केल्यात. आधी पुढची-मागची पाच बोल्टची चाकं बसव, मग बोलू. वेग दीडपट झाला की थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट होते, हे त्याला शाळेत शिकवलंय.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखातल्या तक्त्यात त्या काळच्या 271 हॉर्सपॉवरच्या मस्टँगशेजारी आजच्या गाडीचा आकडा छापलाय. जुना आकडा ग्रॉस आहे, म्हणजे एअर फिल्टर, अल्टरनेटर, गाडीचा सायलेन्सर असलं काही न लावता स्टँडवर मोजलेला. 1972 पासून अमेरिकी कंपन्या नेट, म्हणजे हे सगळं लावून मोजलेले, आकडे देऊ लागल्या. दोन्ही एका रांगेत मांडू नयेत.

लेखकांचं ऑगस्टमध्ये इकडे येणं झालं तर तिसऱ्या शनिवारी वुडवर्डवर जुन्या गाड्यांची मोठी फेरी असते. त्यांना माझ्या गाडीतून जरूर नेईन. सीटबेल्ट तेवढा मूळचा, फक्त कमरेचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आपला,
एक जुना वाचक
ट्रॉय, मिशिगन (मूळ गाव कोल्हापूर)